जुन्या साड्या, रद्दी आणि लग्नपत्रिका : वापरात राहतील अशा वस्तू कशा कराव्यात?

सुईदोरा

नमस्कार. गेल्या महिन्यात नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करावा लागला. तेथल्या लोखंडी पेटीतून आईच्या नऊ सुती साड्या, वडिलांची चार धोतरे आणि चिंध्यांचे एक मोठे गाठोडे निघाले. शेजारच्या खोक्यातून मी पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने केलेल्या वस्तू निघाल्या : चमकी लावलेल्या बाटल्या, जुन्या सीडींचे तोरण, थर्माकोलवर चिकटवलेली कागदी फुले. त्यांतली एकही वस्तू घरात कोणी कधी वापरल्याचे मला आठवत नाही. आजीच्या हातची गोधडी मात्र चाळीस वर्षांहून जुनी आहे आणि आजही माझा मुलगा ती रोज पांघरतो.

या फरकाने मला बरेच दिवस विचारात पाडले. आजीने आधी कापड हातात घेऊन पाहिले आणि मग त्याचे काय करायचे ते ठरवले. मी वस्तू आधी ठरवली आणि हाताला येईल ते तिच्यावर चिकटवत गेले. म्हणून या चर्चेच्या धाग्यात आपण कापड, कागद आणि पुठ्ठा यांच्या अंगच्या गुणांपासून सुरुवात करावी आणि सहा महिन्यांनंतरही घरात वापरात असेल अशाच वस्तूंची कृती लिहावी, अशी विनंती आहे. सुरुवात मी पिशवीने करते, कारण मंडईत जाताना तिची गरज रोजच पडते.

जुनी सुती साडी कापण्याआधी ती उजेडासमोर धरून पाहावी. बसण्या-उठण्याने साडीचा मधला भाग विरलेला असतो. तेथे दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकेच ताणले असता धागे एकमेकांपासून सरकताना दिसतात. असा भाग पिशवीला घेऊ नये. तो गोधडीच्या आतल्या थरासाठी किंवा पुसण्यासाठी बाजूला ठेवावा. काठ मात्र घट्ट विणीचे असल्यामुळे बहुधा शेवटपर्यंत टिकतात आणि पिशवीच्या बंदांसाठी त्यांच्याइतके योग्य कापड बाजारात शोधूनही मिळत नाही.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असते. दोन्ही काठ उतरवून घेतल्यावर उरलेल्या पन्ह्यात ४३ सेंटिमीटर रुंदीचे दोन तुकडे शेजारी-शेजारी बसतात. प्रत्येक तुकडा साडीच्या लांबीच्या दिशेने ९८ सेंटिमीटर कापावा, म्हणजे उभा धागा पिशवीतही उभाच राहतो आणि वजन त्याच्यावर येते. अख्खी साडी चांगली असेल तर असे दहा तुकडे निघतात. जुने कापड एकेरी वापरले तर बटाट्यांच्या भाराने फाटते, म्हणून मी दोन तुकडे एकावर एक ठेवून एक पिशवी करते. एका साडीच्या पाच पिशव्या होतात.

हा दुहेरी तुकडा मधोमध दुमडावा. तळाला घडी आली की तेथे शिवणच राहत नाही आणि पिशवी जिथे सर्वात आधी उसवते ती जागा मुळातच नाहीशी होते. बाजूंना आधी सुलट बाजू बाहेर ठेवून कडेपासून अर्धा सेंटिमीटरवर टीप मारावी, मग पिशवी उलटून त्याच कडेवर एक सेंटिमीटरवर दुसरी टीप मारावी. सुटे धागे आत बंद होतात आणि कितीही वेळा धुतले तरी कडा विरत नाहीत. वरची कड चार-चार सेंटिमीटर आत मुडपून घ्यावी. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना त्रिकोण करून दहा सेंटिमीटर लांबीची आडवी टीप मारली की पिशवीला बूड येते. मात्र त्यामुळे उंची पाच सेंटिमीटरने कमी होते, हे आधीच लक्षात घ्यावे. बंदांसाठी साठ-साठ सेंटिमीटरचे दोन काठ घेऊन त्यांत विरलेल्या साडीची पट्टी भरावी, आणि ते पिशवीला जोडताना चौकोनी टीप मारून तिच्यात फुली घालावी. साडीच्या कापडाला मशीनची १४ नंबरची सुई चालते. जुन्या जीनची पिशवी करायची असेल तर १६ नंबरची लावावी.

आपल्या घरात टिकलेल्या वस्तूंविषयी वाचायला मला मनापासून आवडेल.

दाभण

सुईदोरा, आपण पिशवीत उभ्या धाग्याचा जो विचार केला आहे, तोच कागदालाही लागू होतो, परंतु कागदकाम शिकवताना तो सहसा सांगितला जात नाही. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एका दिशेला वळतात. वर्तमानपत्राचे पान वरून खाली फाडले तर ते बऱ्यापैकी सरळ फाटते आणि आडवे फाडले तर वेडेवाकडे जाते, हे आपण सर्वांनी अनुभवले असेल. बांधणीच्या कामात या दिशेला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेने घातलेली घडी शांत बसते. आडवी घातलेली घडी फुगते आणि जाड कागद असेल तर कडेवर चिरफळते. लग्नपत्रिकेच्या कागदाचे भेटकार्ड करताना घडीवर भेगा पडतात त्या बहुतेक वेळा याच कारणाने. कागद दोन्ही दिशांना हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो तिकडे घडी घ्यावी, आणि घडीच्या रेषेवरून आधी बंद पेनाचे किंवा विणकामाच्या सुईचे टोक पट्टीला लावून दाबत न्यावे.

आमच्या घरी सर्वाधिक वापरात असलेली वस्तू म्हणजे पाठकोऱ्या कागदांची वही. कार्यालयात एका बाजूने छापलेल्या ए-फोर कागदांचे गठ्ठे जमतात. ते कागद मधोमध दुमडून नेहमीप्रमाणे घडीवर शिवले तर निम्मी पाने छापील निघतात. त्याऐवजी प्रत्येक कागद छापील बाजू आत घेऊन दुमडावा, सर्व घड्या वहीच्या मोकळ्या कडेला ठेवाव्यात आणि सुट्या कडा बांधणीच्या बाजूला घ्याव्यात. छापील बाजू कायमची आत बंद होते आणि २० कागदांतून ४० कोरी पृष्ठे मिळतात. बांधणीच्या कडेपासून एक सेंटिमीटरवर दाभणाने तीन भोके पाडावीत. जाड दोरा मधल्या भोकातून मागच्या बाजूने वर काढावा, वरच्या भोकातून खाली न्यावा, मागून थेट खालच्या भोकापर्यंत नेऊन तेथून वर घ्यावा आणि पुन्हा मधल्या भोकातून मागे सोडावा. आता दोऱ्याची दोन्ही टोके मागच्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतात. त्या टाक्याला मध्ये घेऊन घट्ट गाठ मारली की वही तयार होते. मुखपृष्ठाला लग्नपत्रिकेचा कागद उत्तम.

ए-फोर कागदाचा ग्रेन बहुधा लांबीच्या दिशेने असतो. त्यामुळे ही घडी नेमकी ग्रेनच्या आडवी पडते आणि वही सुरुवातीला फुगलेली दिसते. शिवण्याआधी घड्यांचा गठ्ठा रात्रभर पाट्याखाली किंवा जड ग्रंथांखाली ठेवावा, इतकाच त्यावर उपाय आहे.

चिमणचारा

दोन्ही कृती वाचून उत्साह वाटला, परंतु माझ्याकडे शिवणयंत्र नाही आणि मुलगी चौथीत आहे. रविवारी आम्हा दोघींना मिळून करता येईल आणि तिला हातात सुई द्यावी लागणार नाही, असे काही सुचवाल का? घरात जुने टी-शर्ट पुष्कळ आहेत.

सुईदोरा

चिमणचारा, टी-शर्टांचे पायपुसणे करा. होजिअरीचे कापड कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत आणि पट्टी जराशी ओढली की ती आपोआप गुंडाळून दोरीसारखी होते, त्यामुळे कडा शिवण्याची गरजच राहत नाही. काखेखालचा नळीसारखा भाग घेऊन त्यातून चार सेंटिमीटर रुंदीची एकच लांब पट्टी गोल-गोल कापत जावी. शर्टाचा घेर एक मीटर आणि उंची चाळीस सेंटिमीटर असेल तर एका शर्टातून दहा मीटर पट्टी निघते. तीन शर्टांच्या तीन पट्ट्या घेऊन मुलीला त्यांची वेणी घालू द्यावी. वेणी दोन सेंटिमीटर रुंद झाली तर चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या गोल पायपुसण्याला साधारण साडेसहा मीटर वेणी पुरते. वेणी घालताना पट्टीची लांबी बरीच आटते, म्हणून प्रत्येक पट्टी साडेआठ मीटरपेक्षा कमी घेऊ नये. वेणी सपाट जमिनीवर ठेवूनच गुंडाळावी आणि शेजारच्या फेऱ्या तुम्ही जाड सुईने एकमेकींना जोडाव्यात. हातात धरून गुंडाळली तर दोरा ताणला जातो आणि पायपुसण्याची वाटी होते.

कार्यानुभव

मी पुण्यातल्या एका प्राथमिक शाळेत २६ वर्षे कार्यानुभव शिकवला. सुईदोरा यांचा आग्रह मला समजतो आणि पुष्कळ अंशी मान्यही आहे, तरीही एक गोष्ट नम्रपणे मांडते. सहा महिने टिकण्याची अट मुलांच्या कामाला लावू नये. पहिलीतल्या मुलाने घोटीव कागदाची साखळी केली आणि दुसऱ्या दिवशी ती तुटली, तरी त्या तासात त्याने कात्रीची पाती कागदाला सरळ कशी लावावी, चिकटवताना किती खळ पुरते आणि सारखी पट्टी कशी कापावी हे बोटांनी शिकून घेतलेले असते. साखळी जाते, बोटांना आलेले वळण राहते. मुलांनी चमकी मागितली तर ती मात्र मी दिली नाही, कारण ती डोळ्यांत जाते आणि वर्गाच्या फरशीवरून महिनाभर निघत नाही.

खळ घरी करावी. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा, मग एकूण पाच ते सहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहावे. मिश्रण पांढरे असते ते किंचित पारदर्शक झाले की उतरवावे. बाहेर ती दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. पूर्वी कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे आणि मुलांच्या कामात त्याला अजिबात थारा देऊ नये.

थर्माकोलविषयीही थोडे लिहिते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांसह थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, तेव्हा गणपतीच्या मखराचे काय करावे असा प्रश्न आमच्या सोसायटीत पडला होता. आम्ही शीतकपाटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे मखर केले आणि त्यात गोंदाचा एक थेंबही वापरला नाही. पुठ्ठ्याच्या आत ज्या बारीक नळ्या असतात त्या मखराच्या खांबांत उभ्या येतील अशा बेताने कापले, कारण आडव्या नळ्यांचा खांब भाराने मधेच वाकतो. ज्या दोन फळ्या एकमेकींत बसवायच्या, त्यांपैकी एकीला वरून आणि दुसरीला खालून उंचीच्या निम्म्यापर्यंत खाच द्यायची आणि खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच ठेवायची. दहा दिवसांनी मखर सुटे करून पलंगाखाली सपाट ठेवता येते. आमचे पहिले मखर सलग चार वर्षे बसले आणि दरवर्षी मुले त्याच्यावर नवा कागद लावत असत.

सुईदोरा

कार्यानुभव, आपले म्हणणे मला पटले. मुलांच्या कामाला माझी अट लागू करणे चुकीचे ठरेल, म्हणून ती मी मोठ्यांच्या कामापुरतीच ठेवते. खाचांचे मखर मी या वर्षी नक्की करणार आहे.

वर्गवारी

या विषयाची एक बाजू अद्याप आलेली नाही. टाकाऊपासून टिकाऊ करताना आपण पुष्कळदा चांगला कागद वाया घालवतो. रद्दीत दिलेल्या वर्तमानपत्राचा पुन्हा कागद होतो, परंतु त्याच वर्तमानपत्रावर रंग, चमकी, प्लॅस्टिकची फुले आणि गरम गोंद बसला की ते वेगळे करता येत नाही आणि ती वस्तू मोडल्यावर थेट कचऱ्यात जाते. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली तेव्हा तिचे नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत असे ठेवले गेले, आणि आज आपल्या दारातून कचरा नेणाऱ्या स्वच्छ संस्थेच्या ताईंचे उत्पन्नही बऱ्याच अंशी सुका माल वेगवेगळा निघण्यावर अवलंबून असते. कापडाची वस्तू कापडाचीच, कागदाची कागदाचीच ठेवली तर तिचा शेवटही नीट होतो. दाभण यांच्या वहीत दोऱ्याशिवाय दुसरे काहीही नाही, म्हणून ती मला विशेष आवडली.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दुकानातली गुळगुळीत बिले उष्णतेने छापली जातात आणि त्या कागदावर रसायनाचा लेप असतो. ती मुलांच्या चिकटकामात देऊ नयेत. वर्तमानपत्राच्या पिशव्या कराव्यात, पण त्यांत भजी, पोहे किंवा कोणताही उघडा खाद्यपदार्थ बांधू नये. शाईतील घटक अन्नात उतरतात, आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही याबाबत वेळोवेळी सावध केले आहे.

आजोळ

माझी आजी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करीत असे. ती पद्धत लिहून ठेवावी असे वर्गवारी यांचा प्रतिसाद वाचून वाटले, कारण तिच्यात कागद आणि मेथी यांखेरीज फारसे काही लागत नाही.

रद्दीचे बारीक तुकडे करून दोन-तीन दिवस पाण्यात भिजत ठेवायचे आणि रोज पाणी बदलायचे. त्यानंतर ते घट्ट पिळून खलबत्त्यात कुटायचे. आता मिक्सर वापरला तरी चालतो, पण एका वेळी मूठभरच घालावे. वेगळ्या भांड्यात रात्रभर भिजवलेली मेथी वाटून घ्यायची. मेथीचा बुळबुळीतपणा हाच इथे गोंद असतो, आणि तिच्या कडवटपणामुळे टोपलीला कीड लवकर लागत नाही, असे आजी सांगत असे. लगदा आणि मेथी एकत्र मळून पालथ्या पातेल्यावर ओले फडके घालायचे, त्यावर बोटाच्या पेराइतक्या जाडीचा थर तळापासून खाली थापत आणायचा आणि ओल्या तळव्याने गुळगुळीत करायचा. थर सगळीकडे सारखा नसेल तर पातळ भाग आधी वाळतो आणि तडा जातो. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात टोपली तीन-चार दिवसांत खडखडीत वाळते. पावसाळ्यात मात्र हे काम काढूच नये, कारण लगदा वाळण्याआधी त्याला बुरशी धरते.

अर्धवट वाळल्यावर पातेले काढून घ्यावे, अन्यथा टोपली आकसून भांड्याला घट्ट बसते. शेवटी विरलेल्या साडीचे तुकडे खळीने आतून-बाहेरून चिकटवले की कडा मजबूत होतात. आजी अशा टोपल्यांत डाळी ठेवत असे. छापील शाईचा विचार करता मी आता त्यांत केवळ लोकर, दोऱ्यांची रिळे आणि बटणे ठेवते. पाण्याने धुता येत नाहीत, एवढी एकच मर्यादा त्यांना आहे.

दाभण

आजोळ, आपल्या आजींची पद्धत वाचून शिवाजीनगरची हातकागद संस्था आठवली. १९४० पासून तेथे सुती कापडाच्या कातरणांपासून हाताने कागद केला जातो. कापूस हा कागदासाठी उत्तम तंतू आहे, त्यामुळे त्या कागदाला घडी घातली तरी तो लवकर चिरत नाही. ज्यांना पाठकोऱ्या कागदाच्या वहीला चांगले मुखपृष्ठ हवे असेल त्यांनी तो एकदा हाताळून पाहावा. आपल्या चिंध्यांचाही कागद होतो, हे तेथे गेल्यावर स्पष्ट दिसते.

रुखवत

माझ्या भाचीचे लग्न फेब्रुवारीत आहे आणि रुखवतात शोभेच्या वस्तू मांडण्याऐवजी तिला वापरता येतील अशाच वस्तू द्याव्यात, असे घरातल्या सर्व बायकांनी ठरवले आहे. पिशव्या आणि बटवे आम्ही करूच. बटव्यांचे मापही कोणी लिहावे, कारण संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण म्हणूनही ते देता येतील. पण तिला एक गोधडी शिवून द्यावी असे माझ्या मनात आहे आणि मी ती कधी शिवलेली नाही. किती थर घ्यावेत आणि टाके कोठून सुरू करावेत?

सुईदोरा

रुखवत, बटवा सोपा आहे. २० बाय ४४ सेंटिमीटरची पट्टी मधोमध दुमडून बाजू शिवाव्यात, वरच्या कडेला तीन सेंटिमीटर मुडपून नाडीसाठी जागा ठेवावी आणि नाडी दोन्ही बाजूंनी उलट दिशांनी ओवावी, म्हणजे दोन्ही टोके ओढली की तोंड सारखे बंद होते. काठाच्या उरलेल्या तुकड्यांचे बटवे विशेष सुंदर दिसतात. नाडी आणि लेस तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत मिळेल.

गोधडीचे मात्र सविस्तर सांगावे लागेल. वरच्या आणि खालच्या थराला बऱ्या अवस्थेतल्या दोन साड्या घ्याव्यात आणि आत विरलेल्या साड्यांचे किंवा धोतरांचे दोन ते तीन थर घालावेत. पुण्याच्या थंडीला एवढे पुरते आणि त्याहून जाड थरांतून हाताची सुई नीट जात नाही. सर्व कापड आधी गरम पाण्याने धुऊन घ्यावे, कारण न आटलेला एखादा थर आत गेला तर पहिल्या धुण्यानंतर गोधडी आवळते. नवीन कापडाचा तुकडा जुन्या कापडाबरोबर वापरण्यातही हाच धोका आहे.

थर जमिनीवर ताठ पसरून चारही कोपऱ्यांवर वजने ठेवावीत आणि एक-एक वीत अंतरावर कच्चे टाके घालून सगळे थर एकत्र धरून घ्यावेत. हे काम कंटाळवाणे वाटते, तरी ते चुकवू नये. त्यानंतर चारही कडा आत मुडपून धावदोऱ्याची पहिली फेरी कडेने घालावी आणि बोट-दोन बोटे अंतर सोडत चौकोनात चौकोन असे मध्यापर्यंत यावे. प्रत्येक फेरीआधी तळव्याने कापड मध्याकडे सारखे करून घ्यावे, नाहीतर जास्तीचे कापड मध्यावर गोळा होऊन तेथे चुण्या पडतात. आजी एका बाजूला स्वतः बसत असे आणि समोरच्या बाजूला शेजारच्या काकूंना बसवत असे. दोघींच्या फेऱ्या एकाच वेळी आत सरकत गेल्या की कापड कोणत्याही एका बाजूला ओढले जात नाही. आपल्या घरात एवढ्या बायका आहेत, तर चौघींनी चार बाजू घ्याव्यात.

दोरा सुती आणि दुपदरी घ्यावा, हातभरापेक्षा लांब घेऊ नये. मधल्या चौकोनात भाचीच्या आईच्या साडीचा एखादा तुकडा ठेवायचा असेल तर तो कच्च्या टाक्यांच्या आधीच, सर्वात वरच्या थरावर काज टाक्याने बसवून घ्यावा. फेब्रुवारीला अवकाश कमी असेल तर पूर्ण मापाच्या गोधडीऐवजी दीड मीटर बाय एक मीटरची करावी. रोज संध्याकाळी तासभर चौघी बसल्या तर ती तीन आठवड्यांत पूर्ण व्हावी.

रुखवत

मनःपूर्वक आभार. वहिनीची लग्नातली सुती इरकल मिळाली आहे आणि आईची तीन धोतरवजा पातळे धुऊन गच्चीवर वाळत घातली आहेत. रविवारी चौघीही बसणार आहोत. कच्चे टाके झाले की येथे कळवते.